जोनचं रॉकेल

वैजयंतीला एक सवय होती. ती तिने सांगलीहून पुण्याला आणि पुण्याहून ब्रिस्टलला न सांडता न लवंडता आणली होती. कुणाकडे नवीन काही दिसलं की ती आधी मनापासून कौतुक करायची आणि पाठोपाठ विचारायची, "केवढ्याला पडलं?" मग ती साडी असो, स्टीलचा डबा असो, नाहीतर कुणाच्या जावयाची मोटारसायकल. तिच्या माहेरी यात कुणाला काही वावगं वाटत नसे. भाजीची पिशवी ओट्यावर टेकायच्या आत मेथीचा भाव गल्लीभर झालेला असायचा. महाग पडली असेल तर चार बायका हळहळायच्या, स्वस्त मिळाली असेल तर त्याच चौघी पिशव्या घेऊन मंडईकडे निघायच्या. भाव लपवून ठेवणाऱ्या बाईबद्दल मात्र सगळ्यांचं मत वाईट असायचं.

इंग्लंडात या सवयीने तिला एकदाच, पण चांगलंच तोंडघशी पाडलं. तिचा नवरा परीक्षित ब्रिस्टलजवळ विमानांच्या पंखांचं डिझाइन करायचा. काही वर्षं शहरात भाड्याच्या घरांतून काढल्यावर त्यांनी दक्षिणेला, मेंडिप टेकड्यांच्या पायथ्याशी एका खेड्यात स्वतःचं घर घेतलं. पहिल्याच उन्हाळ्यात समोरच्या कीथने घरामागे काचेची मोठी खोली बांधली आणि ती दाखवायला सगळ्या रस्त्याला बार्बेक्यूला बोलावलं. वैजयंतीने खोली पाहिली, काचेवर हलकेच टिचकी मारली, "ब्यूटिफुल" म्हणाली आणि सगळ्यांच्या देखत कीथला विचारलं, केवढ्याला पडली? कीथचा चिमटा हवेतच राहिला. कुणी ग्लासात बघायला लागलं, कुणी आभाळात. शेवटी "अं, थोडेफार गेले," असं पुटपुटून कीथ सॉसेजकडे वळला, आणि ती चांगली करपेपर्यंत त्याने मान वर केली नाही.

त्यांची मुलगी सिया तेव्हा दहा वर्षांची होती. ब्रिस्टलमध्ये जन्मलेली, शाळेत हुशार, मराठीत जरा डुगडुगती. घरी आल्यावर ती जिन्याच्या पायरीवर बसून रडली. "आई, इथे तसा विचारत नाही कोणी," ती म्हणाली. "माझा सगळा लाज गेला." वैजयंतीला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. तिने पोरीच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली की या गावात आता कुणालाही कशाचाही भाव विचारणार नाही.

ती शपथ तिने पाच वर्षं पाळली. सोपं नव्हतं ते. शेजारी नवं गवत कापायचं यंत्र आलं, पोस्टमास्तरणीने दात बसवले, चर्चच्या छपरावर नवी कौलं चढली, आणि वैजयंती प्रत्येक वेळी ओठ आवळून फक्त "लव्हली" म्हणत राहिली. लंडनला वेम्बलीत सामान आणायला गेली की मात्र ती ईलिंग रोडच्या देशी बाजारात सगळी कसर भरून काढायची. तिथे अनोळखी बाईलाही तिच्या पिशवीतल्या भेंडीचा भाव विचारता यायचा, आणि ती बाई आनंदाने सांगायची.

गावात गॅसची पाइपलाइन नव्हती. प्रत्येक घरामागे एक हिरवी टाकी असायची, टँकर येऊन तीत तेल भरून जायचा, आणि त्या तेलावर बॉयलर चालून घर ऊबदार राहायचं. हे तेल म्हणजे दुसरंतिसरं काही नसून आपलं रॉकेल आहे, हे पहिल्या हिवाळ्यात वासावरून कळलं तेव्हा वैजयंती बराच वेळ टाकीपाशी उभी राहून हसत होती. आईला फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, आम्ही इथे रॉकेलच्या रांगेतून सुटलो आणि तू विलायतेत जाऊन टाकीच भरून ठेवलीस. आणि लगेच पुढचा प्रश्न, केवढ्याला पडतं?

हा भाव विचारायला मात्र वैजयंतीला मुभा होती, कारण तो दुकानदाराला विचारायचा होता. आणि इथे तर तिला घबाडच सापडलं. या तेलाचा भाव कुठे लिहिलेला नसतो, रोज बदलतो, आणि फोनवर जो विचारेल त्याला वेगळा सांगितला जातो, हे तिने पहिल्याच महिन्यात ओळखलं. ज्या देशात फ्लॉवरच्या गड्ड्यावरही किमतीची चिकटपट्टी असते, तिथे कुठेतरी घासाघीस शिल्लक आहे याचा तिला मनस्वी आनंद झाला. टाकी निम्मी झाली की ती तीन ठिकाणी फोन करायची, पहिल्याचा भाव दुसऱ्याला आणि दुसऱ्याचा तिसऱ्याला सांगायची, आणि फिरून पहिल्याकडे यायची. परीक्षित त्या वेळी बागेत निघून जायचा. बायको फोनवर दोन-दोन पेन्ससाठी भांडतेय हे ऐकताना त्याचे कान लाल व्हायचे. पण शेवटी सौदा बहुतेक निळ्या टँकरवाल्या कंपनीशीच पटायचा, आणि घर ऊबदार झालं की तोच मोजे काढून रेडिएटरला पाय लावून बसायचा.

तोच निळा टँकर शेजारी जोनकडेही यायचा. जोन ऐंशीच्या पुढची, एकटी, काटक बाई. नवरा रॉन जाऊन बरीच वर्षं झाली होती. गावात आल्यावर पहिली बर्फवृष्टी झाली, तेव्हा जोनच फावडं घेऊन दारात उभी राहिली होती आणि तिने परीक्षितला बर्फ कसा ओढायचा ते शिकवलं होतं. 'वैजयंती' तिच्या जिभेला काही केल्या वळेना, म्हणून तिने 'व्हाय' करून टाकलं. तिच्या थोरल्या बहिणीचं नाव व्हायोलेट होतं आणि तिलाही ती व्हायच म्हणायची. दर बुधवारी सकाळी जोन चहाला यायची. चहात दूध आधी घालायचं की नंतर यावर दोघींचा वाद कधी मिटला नाही, तरी बुधवारही कधी चुकला नाही. या गावात वैजयंतीला नमस्कार करणारे पुष्कळ होते. पण जिच्यासमोर केस विंचरायच्या आधीही बसता यावं, अशी एकटी जोनच होती.

२००८ च्या नोव्हेंबरातल्या एका बुधवारी जोनने चहाचा कप खाली ठेवला आणि हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं सांगितलं की ती घर विकतेय. वेस्टनला समुद्राजवळ म्हाताऱ्या लोकांसाठी बांधलेला एक फ्लॅट बघून आलीय. खिडकीतून समुद्र दिसत नाही, पण हीटिंग भाड्यातच धरलेलं आहे. मार्चमध्ये एस्टेट एजंट येऊन पाटी लावेल.

वैजयंतीने हातातलं बिस्किट खाली ठेवलं. तिने विचारलं, का? जोन म्हणाली, हे घर तेल पितं. आता तिला पेन्शनमध्ये झेपत नाही. मग तिने कार्डिगनचं वरचं बटण लावलं आणि बिस्किटांचं कौतुक केलं.

त्या दिवशी वैजयंतीने आमटी दोनदा खारट केली. गेले काही महिने जे ती नुसतं बघत होती ते आता एकेक करून तिच्यासमोर यायला लागलं. जोनच्या पुढच्या खोलीचं दार गेल्या हिवाळ्यापासून बंद होतं. जोन घरातही कोट घालून असायची आणि विचारलं तर म्हणायची, मला थंडी कळतच नाही. बुधवारी चहाला आली की ती हल्ली न चुकता रेडिएटरजवळची खुर्ची धरायची आणि निघायला जरा उशीर करायची. वैजयंतीला वाटायचं, आपल्या गप्पांत रमते. स्वतःचाच राग आला तिला.

पण एक गोष्ट तिच्या हिशेबात बसेना. जोनचं घर त्यांच्या घराहून लहान. एक खोली बंद, माणूस एक, आणि इकडे सियासारखी पोरगी जी खिडकी उघडी टाकून हीटर लावते. मग तेल जोनचं घर कसं पितं? तिने परीक्षितला कामाला लावलं. टाकी गळत असेल, बॉयलर बिघडला असेल, तू इंजिनियर आहेस ना, बघ. परीक्षितने शनिवारी जोनच्या परसात जाऊन टाकीखाली टॉर्च मारला, सांधे चाचपले, काठी घालून तेल मोजलं, आठवड्याने पुन्हा मोजलं. परत येऊन म्हणाला, टाकी ठणठणीत, बॉयलर उत्तम, आणि जोन आपल्या निम्म्यानेही तेल जाळत नाही.

"मग?" वैजयंतीने विचारलं.

"मग राहिलं काय," परीक्षित म्हणाला. "भाव."

वैजयंतीने खिडकीतून कुंपणाकडे पाहिलं. तिला आठवलं, ऑक्टोबरात निळा टँकर आला होता. ड्रायव्हरने आधी त्यांची टाकी भरली, मग तीच जाडजूड नळी कुंपणावरून पलीकडे ओढत नेली आणि जोनची भरली. टँकर एक, नळी एक, तेल एक. आणि भाव? जोन स्वतः कधी फोन करत नाही हे तिला माहीत होतं. रॉनच्या वेळेपासूनची पद्धत, कंपनीच अंदाज घेऊन टँकर पाठवते, तो टाकी भरून जातो, मागाहून बिल येतं. उन्हाळ्यात तेल आभाळाला भिडलं होतं ते पुढे भराभर उतरलं, वैजयंतीचा भावही उतरला. जोनचा उतरला का? एका आकड्याचा तर प्रश्न होता. तो कळला तर सगळं उलगडणार होतं. आणि नेमकं तेच विचारायचं नाही, अशी शपथ तिने पोरीच्या गळ्याला हात लावून घेतली होती.

शपथेपेक्षाही भीती वेगळीच होती. कीथ रागावला तर रागावला, त्याच्यावाचून तिचं काही अडत नव्हतं. जोन दुखावली तर? उरलेले तीन-चार महिने तरी बुधवार होते. विचारून ते घालवायचे, की न विचारता मार्चमध्ये जोनलाच घालवायचं, अशा कात्रीत ती सापडली.

रविवारी सांगलीला फोन केला तेव्हा तिने आईला सगळं सांगितलं. आईचं वय झालं होतं, ऐकू कमी यायचं, पण हे तिने एका दमात ऐकून घेतलं.

"विचारायचं नाही म्हणजे?" आई म्हणाली. "मग तिला शेजारीण कशाला म्हणतेस?"

वैजयंतीने फोन ठेवला आणि सियाला हाक मारली. सिया आता पंधरा वर्षांची, कानात वायरी, पायांत लोकरी मोजे. वैजयंतीने तिला शपथ मोडायची परवानगी मागितली. सियाने वायरी काढल्या. तिला जोन आवडायची. सायकल तिने जोनच्याच मागच्या वाटेवर शिकली होती. बराच वेळ तोंड वाकडं करून ती म्हणाली, "तिला राग आला तर, आई?" वैजयंती म्हणाली, तर मी माफी मागेन. सिया म्हणाली, ओके, पण मी घरात असेन तेव्हा नको विचारू, मला बघवणार नाही.

तेव्हा पुढच्या बुधवारी, सिया शाळेत आणि परीक्षित कामावर असताना, वैजयंतीने चहा ओतला, या वेळी जोनला हवं तसं दूध आधी घालून, आणि एकदाची बोलली.

"जोन, तुम्हाला तेल लिटरमागे केवढ्याला पडतं?"

जोनचा चेहरा बंद झाला. दुसरा शब्द नाही त्याला. रागावली असती, ओरडली असती तर वैजयंतीला परवडलं असतं. पण जोनने शांतपणे रुमालाने ओठ टिपले. ती म्हणाली की रॉन आणि कंपनीचा म्हातारा मालक एका शाळेत होते, आम्ही चाळीस वर्षं त्यांच्याकडूनच घेतो, आणि दर ख्रिसमसला मी त्यांच्या ऑफिसला केक करून देते. जणू एवढं सांगितल्यावर भावाचं काही उरतच नव्हतं. मग तिने चहा अर्धा टाकून कोट घातला आणि चहाबद्दल आभार मानून निघून गेली. अर्धा टाकलेला तो कप वैजयंतीला दिवसभर विसळवेना.

पुढच्या बुधवारी जोन आली नाही. वैजयंतीने शिरा करून ठेवला होता, तो परीक्षितने खाल्ला आणि स्वतःहून ताटली विसळून ठेवली, म्हणजे त्यालाही कळलं होतं. सियाने शाळेतून आल्याबरोबर टेबलावर एकच कप बघितला आणि आईच्या गळ्यात हात टाकला. असं ती हल्ली सहसा करत नसे. वैजयंती माफी मागायला दोनदा जोनच्या फाटकापर्यंत जाऊन परत आली. काय म्हणायचं? विचारलं ते चुकलं, असं तिला अजूनही वाटत नव्हतं, आणि खोटी माफी जोनला लगेच कळली असती.

शनिवारी दुपारी दारावर टकटक झाली. जोन उभी होती, कोट गळ्यापर्यंत लावलेला, नाक थंडीने लाल. ती आत आली, तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसलीच नाही. स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहून तिने, शाळेत मुलं पाढा म्हणतात तसं समोर बघत, आकडा सांगितला.

"अठ्ठावन्न पेन्स," जोन म्हणाली. "आता तू सांग."

वैजयंती खाली बघत म्हणाली, "एकेचाळीस."

जोन खुर्चीत बसली. परीक्षितने पेपर घडी करून ठेवला. जोन म्हणाली की म्हातारा मालक गेल्यावर त्याच्या मुलांनी धंदा दुसऱ्या कुणालातरी विकला, हे तिला माहीत होतं. पण टँकरचा रंग तोच राहिला, म्हणून माणसंही तीच असतील असं तिने धरून ठेवलं होतं. पैशांचं तिला एवढं वाटत नव्हतं. नव्या माणसांना तो केक कुणी दिला हेही ठाऊक नसणार, याचं वाटत होतं. आणि भाव विचारला तर रॉनच्या मित्रावर आपण अविश्वास दाखवला असं होईल, म्हणून तिने कधी विचारलं नव्हतं. रॉनला काय वाटलं असतं?

"तुम्ही घरात कोट घालून बसता, ते रॉनना आवडलं असतं का?" वैजयंतीने विचारलं.

जोनने डोळे टिपले आणि मग कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

सोमवारी ऑफिस उघडल्याबरोबर फोन करायचं ठरलं. वैजयंतीने नंबर फिरवून दिला, पण बोलायचं जोननेच, कारण खातं तिच्या नावावर होतं आणि शिवाय वैजयंतीचा आवाज त्या ऑफिसात सगळ्यांच्या ओळखीचा झाला होता. परीक्षितने त्या दिवशी कामावर उशिरा जायचं ठरवलं, पण फोन लागला तसा तो सवयीने बागेत पळाला. सिया सर्दीचं निमित्त काढून घरी राहिली होती, ती जिन्यावर बसून ऐकत होती. त्याच पायरीवर, जिथे ती पाच वर्षांपूर्वी रडली होती.

जोनने पाठ ताठ केली. तिने आधी फोनवरच्या मुलीची चौकशी केली, मग थंडीबद्दल दोन शब्द बोलली. वैजयंतीचा जीव टांगणीला लागला होता, ही बाई मुद्द्यावर येणार कधी. आणि मग जोन अगदी गोड आवाजात म्हणाली, "माझी शेजारीण एकेचाळीस देते, मी अठ्ठावन्न. माझं तेल काही निराळं असतं का, बाळ?"

मुलीने मॅनेजरला विचारते म्हणून फोनवर संगीत लावून दिलं. जोनने त्या संगीताच्या तालावर बोटं वाजवली. मग मुलगी परत आली, बरंच काही बोलली, आणि जोन "हो, हो" करत ऐकत राहिली. भाव चाळीसवर आला होता, वैजयंतीपेक्षाही एक पेन्स खाली. जोनने आभार मानले.

"आणि ख्रिसमस केकचं काय करायचं ते मी नंतर ठरवेन," असं म्हणून तिने फोन ठेवला.

जिन्यावरून सियाचा हसण्याचा फसकन आवाज आला. वैजयंतीचा जीव भांड्यात पडला, पण कुठेतरी, अगदी कुठेतरी, त्या एका पेन्सने तिला टोचलंही. इतकी वर्षं घासाघीस करून जे तिला जमलं नाही ते या बाईने पहिल्या फोनमध्ये केलं.

पण जोन आता थांबायला तयार नव्हती. डिसेंबरच्या कॉफी मॉर्निंगला व्हिलेज हॉलमध्ये अर्धं गाव जमलं होतं, नाताळच्या गोड मिन्स पायची ताटं फिरत होती, तेव्हा जोनने चमचा कपावर वाजवला. ती म्हणाली की मी आता अतिशय उद्धट वागणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमस्व. आणि तिने सगळ्यांना विचारलं, तुम्ही तेल केवढ्याला घेता?

बार्बेक्यूला झाली होती तीच शांतता. लोक कपांत बघायला लागले. वैजयंतीला वाटलं, जमीन दुभंगावी. मग मागच्या टेबलावरून कीथ घसा खाकरून म्हणाला, छप्पन्न. दुसरं कुणीतरी म्हणालं, एकोणपन्नास. पोस्टमास्तरणीचा त्रेपन्न निघाला आणि तिने शेजारच्या टेबलाकडे रागाने पाहिलं. पाच मिनिटांत हॉलमध्ये मंडईसारखा गलबला झाला. एकाच रस्त्यावर, त्याच निळ्या टँकरचं तेल, आणि दोन घरांचा भाव सारखा नव्हता. जे आपसांत बोलणार नाहीत त्यांच्याकडून हवं तेवढं घ्यायचं, एवढी साधी युक्ती होती ती, आणि ती वर्षानुवर्षं सुखाने चालली होती.

त्याच सकाळी ठरलं की यापुढे सगळ्या गावाची मागणी एकत्र द्यायची, एका दिवशी, एका भावाने. फोन कुणी करायचा याबद्दल मात्र चर्चाच झाली नाही. सगळ्यांनी वैजयंतीकडे बघितलं. ती इतकी लाजली की परीक्षितने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि या वेळी तो बागेत गेला नाही.

निघताना कीथ तिच्या बाजूला आला. इकडेतिकडे बघून, गुन्हा कबूल करावा अशा आवाजात तो म्हणाला, "साडेअकरा हजार पौंड. ती काचेची खोली."

वैजयंती मनातल्या मनात चांगलीच हळहळली. वरकरणी मात्र ती म्हणाली, "व्हेरी रीझनेबल." कीथचा चेहरा उजळला.

जानेवारी कडक गेला. निळ्या कंपनीने गावाची मागणी हातची जाऊ नये म्हणून भाव आणखी खाली आणला, टँकर सकाळपासून घरोघर नळी ओढत हिंडला. जोन पुन्हा बुधवारी यायला लागली. आता ती रेडिएटरजवळची खुर्ची धरत नव्हती आणि वेळेवर उठून जात होती, आणि वैजयंतीला त्याचंही समाधान होतं. पण वेस्टनच्या फ्लॅटबद्दल जोन अवाक्षर काढत नव्हती. मार्च जवळ येत होता. सगळ्या गावाचे भाव विचारून झालेल्या वैजयंतीला हा एक प्रश्न विचारायचा धीर होईना. तेलाचं ओझं उतरलं म्हणून कुणी घर ठेवेलच असं कुठे आहे, माणूस एकदा मनाने निघालं की निघालं, अशी ती स्वतःची समजूत घालत राहिली आणि ती काही पटत नव्हती.

फेब्रुवारीच्या शेवटच्या बुधवारी जोनने निरोप धाडला की आज चहा माझ्याकडे. वैजयंती गेली. दार उघडलं तेव्हा जोनच्या अंगात कोट नव्हता, नुसता पातळ शर्ट होता, बाह्या कोपरापर्यंत वर. तिने वैजयंतीला स्वयंपाकघरात न नेता पुढच्या खोलीचं दार उघडलं. खोली ऊबदार होती. रॉनच्या फोटोवरची धूळ पुसलेली होती, आणि खिडकीला नवे पडदे होते. जाड, मोहरीच्या रंगाचे, पार जमिनीपर्यंत, त्या जुन्या वेड्यावाकड्या खिडकीच्या मापाने शिवलेले. दुसऱ्या कुठल्या खिडकीला ते कधी बसले नसते.

वैजयंती दारातच उभी राहिली. तिने पडद्याचं कापड हातात धरून पाहिलं, अस्तर उलटून पाहिलं, शिवण पाहिली. प्रश्न जिभेवर आला होता, पण तो बाहेर पडेना. जोन हाताची घडी घालून वाट बघत होती.

"विचार की," जोन म्हणाली.

"केवढ्याला पडले?"

जोनने सांगितलं. जवळच्या वेल्स गावातल्या पडदे शिवणाऱ्या एका बाईने जास्त सांगितले होते, दुसरीने कमी, मग जोनने दुसरीचा भाव पहिलीला सांगितला, आणि अस्तर फुकटात लावून घेतलं. सांगताना तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"महाग नाही पडले," वैजयंती म्हणाली, आणि किटली लावते म्हणून आत गेली. पाणी उकळेपर्यंत डोळे पुसायला भरपूर वेळ होता. चहा तिने दूध आधी घालून केला.